इंजिन दहा फेरे फिरलं

१

शनिवारी सकाळी सहाला पंचफुलानं इंजिनला हँडल लावलं, तेव्हा विहिरीपाशी पन्नासेक बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्यात मीही होते.

साल १९८६, मे महिना. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवलेली. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षंही पुरी झाली नव्हती. मी मुरुडच्या हायस्कूलात विज्ञान शिकवायची आणि सुट्टी म्हणून पिंपळडोहला, माझ्या गावी होते. गावातल्या विहिरी आटल्या होत्या, हातपंप नुसते खडखडत होते. ओढ्याच्या पात्रातल्या एका विहिरीला तेवढं गोडं पाणी होतं. ते वरच्या टाकीत चढवायला एकच डिझेल इंजिन होतं, आणि ते चालवायची पंचफुला. आधी तिचा नवरा चालवायचा. तो साप चावून गेला, तेव्हापासून दोन वर्षं ती. बौद्धवाड्यातल्या बाईच्या हातानं गावाला पाणी मिळतं हे काहींना खुपायचं, पण तहानेपुढं कुणी बोलत नव्हतं.

तिनं इंजिनमधली हवा मोकळी सोडणारा वरचा खटका उचलला आणि दोन्ही हातांनी हँडल फिरवायला लागली. जड चाक वेग घेऊ लागलं. रांगेतल्या बायका रोज फेरे मोजायच्या, तेवढीच करमणूक. सहा, सात, आठ... धुराच्या नळीतून फस्स करून काळे थेंब उडाले, माझ्या पदरावरही आले. नऊ, दहा. तिनं खटका सोडला.

धाड!

हँडल तिच्या हातातून निसटून भिंतीवर आदळलं. चाक जागच्या जागी थांबलं. पंचफुला मनगट धरून खाली बसली. मग उठून तिनं चाकाला हात घातला, आम्ही चौघीजणींनी जोर लावला. चाक सुताभरही हललं नाही.

सरपंच चंद्रप्पा धावत आले. ते माझ्या वडलांचे चुलतभाऊ, माझे आप्पाकाका; एकेकाळी डिझेल इंजिनवर पिठाची गिरणी चालवायचे. त्यांनी इंजिनकडं बघितलं, मग घागरींच्या रांगेकडं.

"पंचफुला, सातची गाडी धर अन् मुरुडहून बसवंत मिस्त्रीला घेऊन ये," ते म्हणाले. "तवर मी इथं बसतो. कुणी हात लावायला नको."

नऊच्या सुमारास गावाच्या तोंडाशी भोंगा वाजला. व्यंकटरावाचा टँकर! सगळं गाव तिकडं पळालं. अकराला पंचफुला मिस्त्रीला घेऊन आली. बसवंतनं तेल मोजायची पट्टी ओढली. कोरडी ठक्क.

"तेलाचा थेंब न्हाई!" त्यानं पट्टी सगळ्यांना दाखवली. "काल सांजच्याला कोरडंच पळवलं हिनं. इंजन जाम झालं. आता नवं आणा."

"काल बंद करताना म्या पट्टी बघितली व्हती!" पंचफुला ओरडली. "वरच्या रेघेपस्तोर तेल व्हतं!"

"मग काय उंदरानं पेलं का?" ग्रामपंचायतीचा शिपाई पिराजी म्हणाला. त्याच्या मेहुण्याला ते काम हवं होतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. "बाईच्या हातात इंजन दिलं तवाच म्या म्हणलं व्हतं."

आप्पाकाका खाली मान घालून बोलले, "सोमवारी लातूरहून साहेबलोकांची जीप येणार हाय, पाण्याची पाहणी करायला. तोवर काय बोभाटा नको. पंचफुला, तू उद्यापासून येऊ नको."

पिराजीनं तिच्या कमरेची इंजिनघराची किल्ली मागितली. सुजलेल्या मनगटामुळं तिला गाठ लवकर सुटेना.

२

दुपारच्या तीनच्या गाडीनं किशन सोनकांबळे उतरले.

तेही बौद्धवाड्यातले; गाव त्यांना चीफ म्हणायचं. सतराव्या वर्षी नौदलात भरती झाले, लोणावळ्याला यंत्रांचं शिक्षण घेतलं आणि बावीस वर्षं लढाऊ जहाजांच्या पोटात काढली. बॉयलर, टर्बाइन, पंप, डिझेल जनरेटर, समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं यंत्र. जे बिघडेल ते चालत्या जहाजावर उघडायचं आणि पुन्हा चालू करायचं. चीफच्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन आता ते लातूरला एका कारखान्यात फिटर होते आणि शनिवारी गावी यायचे. पोरं त्यांना विचारायची, "समुद्र कसा असतो?" ते म्हणायचे, "मला काय माहीत? मी पाण्याच्या पातळीखाली होतो. वर गेलो की अंधार पडलेला असायचा."

चावडीपाशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आप्पाकाकांना विचारलं, "आप्पा, इंजन बघू का मी?"

"बघून काय करणार?" पिराजी मध्येच म्हणाला. "तुमी तुमच्याच माणसाची बाजू घेणार."

चीफ चिडले नाहीत. "खरंय. असं कुणालाही वाटंल. म्हणून मला एक साक्षीदार द्या." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "ही आप्पाची पुतणी. विज्ञान शिकवती. जे मी बघीन ते हिच्या डोळ्यांसमोर."

आप्पाकाका क्षणभर थांबले. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. "बघा," ते म्हणाले.

इंजिनघरात चीफ आधी इंजिनजवळ गेलेच नाहीत. गुडघ्यावर बसून त्यांनी फरशीवरून तळहात फिरवला आणि मला दाखवला. धूळ होती, तेल नव्हतं. मग इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरच्या तळाचा बोल्ट चाचपला. घट्ट.

"पोरी, यात पाच लिटर तेल बसतं. बोल्ट घट्ट हाय, फरशी कोरडी हाय. तेल कुठं गेलं?"

"जळालं असेल?"

"जळतंय, पण एका सांजेत पाच लिटर न्हाई. आता मला सांग, सकाळी चाक फिरलं का?"

"फिरलं की! दहा फेरे. आम्ही मोजले."

ते उठून उभे राहिले. डोळे चमकत होते. "तेलाविना जाम झालेलं इंजन दहा फेरे फिरत न्हाई. अर्धासुद्धा न्हाई. म्हणजे काल सांजच्याला ते ठणठणीत व्हतं. बसवंत चुकला."

पन्नास बायकांनी ते दहा फेरे मोजले होते आणि एकीच्याही लक्षात आलं नव्हतं!

"मग जाम कशानं झालं?"

चीफ माझ्या पदराकडं बघत होते. "हे डाग कसले?"

सकाळी उडालेले काळे थेंब. मी तेल समजले होते. आता उन्हानं ते वाळले होते आणि प्रत्येक काळ्या ठिपक्याभोवती पांढरी कड उमटली होती.

"तेलाचा डाग असा वाळत न्हाई," चीफ हळूच म्हणाले. त्यांनी बोटाचं टोक ओलं केलं, एका ठिपक्याच्या कडेला लावलं आणि जिभेला लावलं. मग माझ्याकडं बघून हसले. "बावीस वर्षं हीच चव शोधत आलो. मीठ हाय हे."

३

इंजिनला हवा घ्यायची नळी भिंतीतून बाहेर काढलेली होती. बाहेर तिच्या तोंडाला जाळी होती, आणि जाळीचे दोन्ही स्क्रू ताजे खरवडलेले, पितळ चकाकत होतं. चीफनी आतून नळी सोडवली. तिच्या खालच्या वळणात दोन चमचे पाणी साचलेलं होतं. ते त्यांनी माझ्याकडून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतलं. मग इंजिनचं डोकं उतरवलं. पिस्टन वर-खाली नेणारा लोखंडी दांडा केळ्यासारखा वाकलेला होता. बेअरिंग मात्र स्वच्छ होतं, कोरडं पळून जळालेलं नव्हतं.

"हवा दाबली जाती, पाणी दाबलं जात न्हाई," चीफ म्हणाले. "हँडल मारताना इंजनानं नळीतलं पाणी ओढून घेतलं. थोडं धुराच्या वाटेनं तुमच्या अंगावर उडालं. बाकीचं आत राहिलं. तिनं खटका सोडला, पिस्टन वर गेला, पाण्यावर आपटला. पाणी हटलं न्हाई, दांडा वाकला. एकदा खवळलेल्या समुद्रात आमच्या जनरेटरचं असंच झालं व्हतं. तिथं लाटेनं केलं. इथं माणसानं केलंय."

"पण तेल?"

"पाणी चेंबरात उतरलं असणार. तेल तसंच राहिलं असतं तर मिस्त्रीनं पट्टी ओढताच त्यात पाणी दिसलं असतं अन् सगळं उघडं पडलं असतं. म्हणून कुणीतरी तेलच पळवलं. पाणी बाहेरून ओतता येतं, किल्ली लागत न्हाई. तेल मात्र आतूनच काढावं लागतं. म्हणजे इंजन फुटल्यावर, दार उघडं असताना."

आम्ही आधी बसवंतकडं गेलो. तो वडाच्या सावलीत गाडीची वाट बघत बसला होता. दांडा बघून त्याचा चेहरा उतरला.

"म्या उघडलंच न्हाई, चीफ," तो म्हणाला. "पट्टी कोरडी दिसली अन् बोललो. चूक झाली. पण म्या सकाळपासून मुरुडात व्हतो. बाई मला घेऊनच गाडीत बसली."

ते खरं होतं. सात ते अकरा पंचफुला आणि तो दोघंही गावात नव्हतेच.

पिराजी नऊपासून टँकरच्या नळाशी रांग लावत होता. शंभर बायकांनी त्याच्याशी भांडण केलं होतं. त्या सगळ्या साक्षीदार. त्याआधी तो घरोघर टँकरची वर्दी देत फिरत होता.

"वर्दी?" चीफ थांबले. "टँकर येणार हे तुला आधीच माहीत व्हतं?"

पिराजी गडबडला. "आप्पानं सांगितलं. मला काय, म्या सांगितल्याचा धनी."

आम्ही व्यंकटरावाला गाठलं. जाडजूड माणूस, टँकरच्या चाकाला टेकून पान चघळत होता. गावात इंजिन बंद पडलं की त्याचा टँकर चालतो. पहिला संशय त्याच्यावरच जायचा आणि ते त्याला माहीत होतं.

"म्या काय बी केलं न्हाई," तो आधीच म्हणाला.

"मी विचारलं का?" चीफ म्हणाले. "एवढंच सांगा, टँकर कधी सांगितला?"

व्यंकटराव टँकरचं चाक चाचपायला लागला.

"सकाळी इंजन बिघडलं सहाला. तुम्ही मांजऱ्याच्या धरणावरून भरून आणता. जायला, भरायला, यायला चार तास. नऊला इथं कसे पोचलात?"

व्यंकटरावानं पानाची पिंक टाकली, माझ्याकडं बघितलं आणि नजर चुकवली. "ही पोरगी इथं असताना न्हाई सांगणार."

"का?"

"तिच्या घरचं हाय म्हणून."

"सांगा काका," मी म्हणाले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"काल दुपारी आप्पानं निरोप धाडला," व्यंकटराव म्हणाला. "उद्या सकाळी नऊच्या आत टँकर पायजे, गाव तहानंनं राहू नये. म्या उलट निरोप धाडला, इंजन चालू हाय की तुमचं. तर म्हणले, तू ये, बाकीचं इचारू नको."

४

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं मी मुरुडला गेले. रात्रभर डोळा लागला नव्हता. आप्पाकाकांनी मला शिकवलं होतं. मुलीला कशाला बी. एस्सी. म्हणून वडील अडून बसले होते तेव्हा नांदेडच्या कॉलेजात त्यांनीच माझं नाव घातलं होतं. ते दुसऱ्याच्या शेतातली ओंबीसुद्धा तोडणार नाहीत. आदल्या संध्याकाळी मी चीफना म्हणाले होते, "एका निरोपावरून माणूस चोर ठरतो का? त्यांना इंजिन बिघडेल अशी नुसती शंकाही आली असेल."

"असंल," चीफ म्हणाले होते. "म्हणून तर अजून कुणाचं नाव घेतलं न्हाई मी. पाण्याला विचारू. पाणी कुणाची पुतणी नसतं." आणि त्यांनी मला काय आणायचं ते सांगितलं: शाळेच्या प्रयोगशाळेतली सिल्व्हर नायट्रेटची बाटली. तिथली किल्ली सुट्टीतही माझ्याकडंच असायची. जहाजाच्या बॉयलरला अगदी शुद्ध पाणी लागतं. कुठून तरी समुद्राचं खारं पाणी झिरपलं तर बॉयलर खलास. म्हणून दर पाळीला पाण्यात या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. मीठ असलं की ते दुधासारखं होतं. जास्त असलं तर दह्यासारखं फुटतं.

"चीफकाका, तुम्ही एवढं का लावून धरलंय?" मी निघताना विचारलं होतं.

ते हातातल्या बाटलीकडं बघत बोलायला लागले. "मी बावीस वर्षांचा व्हतो. एक झडप बंद करायची विसरलो. पंप जळाला. आळ आला माझ्यासोबतच्या पोरावर. ओरिसाचं पोरगं, धड हिंदी बोलता येत नव्हतं त्याला. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. चौथ्या दिवशी त्याला जहाजावरून उतरवलं." त्यांनी बाटलीतलं पाणी उजेडात धरलं. "पंप मीच दुरुस्त केला. शाबासकी मिळाली."

५

दुपारी बाराला चावडीच्या ओट्यावर आकडे घातलेले पाच रिकामे ग्लास मांडले. लिंबाखाली सगळं गाव. पंचफुला एका कडेला, हाताला फडकं बांधून उभी होती. मुरुडहून माझ्यासोबत बसवंतही परत आला होता.

चीफ म्हणाले, "एका ग्लासात हवेच्या नळीत सापडलेलं पाणी असंल. बाकी चारात गावात मिळणारं पाणी: ओढ्याच्या विहिरीचं, टँकरचं, शाळेपुढच्या हातपंपाचं थोडं निघालं ते, अन् चौथं..." ते आप्पाकाकांकडं वळले. "आप्पा, तुमच्या बंद गिरणीच्या आवारातल्या विहिरीचं पायजे. इंजन थंड ठेवायला वापरत व्हता ती. किल्ली द्या."

पिराजी म्हणाला, "ते खारं पाणी! जनावर तोंड लावत न्हाई त्याला."

"म्हणूनच."

आप्पाकाकांच्या कमरेला, करदोट्याला ती किल्ली असायची. त्यांचा हात धोतराकडं गेला. फार सावकाश. किल्ली सोडवायला त्यांना एवढा वेळ लागला की मागच्या पोरांनी माना उंचावल्या. शेवटी त्यांनी ती पिराजीच्या हातावर ठेवली.

प्रत्येक ग्लासात दोन-दोन चमचे पाणी पिराजीनंच घातलं. चीफनी त्याला आडोशाला बसवलं होतं. कुठल्या आकड्याच्या ग्लासात कुठलं पाणी हे फक्त पिराजीला माहीत, म्हणजे कुणी म्हणायला नको की मी नाहीतर चीफनी लबाडी केली. तो तिकडं बडबडत होता, पण खरं सांगायचं तर त्यालाही आता चेव चढला होता. तो धावतपळत काम करत होता.

मी बाटलीचं बूच काढलं.

पहिला ग्लास. तीन थेंब. पाण्यात किंचित धुकं आलं, बस.

दुसरा. तेच.

तिसरा. थेंब पडले मात्र, पाणी एकदम पांढरं झालं, गाठी धरून तळाशी बसायला लागलं. "दही झालं!" कुणीतरी पोर ओरडलं. गर्दी पुढं सरकली.

चौथा. हातपंपाचा असावा; ताकाच्या निवळीइतका गढूळ, पण गाठी नाहीत.

आता पाचवा. एक थेंब. दोन...

पांढऱ्या गाठी. तिसऱ्यासारख्याच.

"पिराजी!" चीफनी हाक मारली. "तीन अन् पाच कुठले?"

पिराजीनं हातातला कागद बघितला, पुन्हा बघितला. त्याचं तोंड उघडंच राहिलं. "तीन... नळीतलं," तो म्हणाला. "पाच, गिरणीचं."

पुढच्या बायकांनी ते मागच्यांना पुन्हा सांगितलं.

चीफ मोठ्यानं बोलले नाहीत. "ज्यानं पाणी ओतलं त्याला इंजनाची माहिती व्हती, त्याचं स्वतःचं इंजन व्हतं. गोडं पाणी घरातनं नेलं असतं तर घरच्या बायकांना घागर कमी दिसली असती, टाकीवर तर राखणदार. खाऱ्या पाण्याचा हिशेब कुणी ठेवत न्हाई. त्या विहिरीला कुलूप, किल्ली एकाच माणसाकडं. इंजन बिघडायच्या आदल्या दुपारी टँकर सांगितला, तो त्याच माणसानं. अन् सगळं गाव टँकरकडं पळालं तेव्हा इंजनापाशी एकटा कोण बसला व्हता, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

माना वळल्या. व्यंकटरावानं टोपी काढली. मी बाटली खाली ठेवली.

"कशासाठी, काका?" मी विचारलं.

६

आप्पाकाका उठून उभे राहिले. एका दिवसात ते म्हातारे झाले होते.

"गिरणीत रॉकेलचा डबा हाय. त्यात तेल हाय, वर तेल अन् खाली पाणी. जाऊन बघा." त्यांनी गावाकडं तोंड केलं. "मी लातूरला तीन खेपा केल्या. नवा जिल्हा, नवी हापिसं, दर टेबलावर यादी. नळयोजना पायजे म्हणलं. साहेब म्हणला, तुमच्या गावाला चालू साधन हाय, तुमचं नाव शेवटी. ज्यांच्याकडं काहीच न्हाई ती गावं आधी. मी म्हणलं, विहीर महिन्याभरात आटंल. साहेब म्हणला, आटली की या. सोमवारी पाहणी. मला वाटलं, जीप येईल त्या दिवशी इंजन बंद दिसलं तर गाव वरच्या यादीत जाईल. चार दिवस टँकर, मग कायमचं पाणी. कुणाचं वाटोळं नव्हतं करायचं मला."

"मग तेल का काढलं?" चीफनी विचारलं.

"इंजन आपसूक बिघडलं म्हणतील असं वाटलं व्हतं. ते थेंब उडालेले बघितले अन् घाबरलो. मिस्त्री आला की पाणी दिसंल. तेल काढलं. त्याचा आळ हिच्यावर जाईल हे..." ते थांबले.

"हे ठाऊक नव्हतं?" त्या दिवशी पहिल्यांदाच पंचफुला बोलली.

आप्पाकाकांनी तिच्याकडं बघितलं. "बसवंत बोलला तेव्हा ठाऊक झालं," ते म्हणाले. "तवाच तोंड उघडायला पायजे व्हतं. मी तुलाच येऊ नको म्हणलो."

लोक एकदम बोलायला लागले. कुणी म्हणे गावासाठीच केलं, कुणी म्हणे पोलिसात द्या. पिराजी मधोमध उभा राहून दोन्ही बाजूंनी मान डोलवत होता.

चीफ ओट्यावरून उतरले आणि बाह्या सरसावल्या. "भांडण नंतर. टँकरचं पाणी उद्यापर्यंत पुरंल. दांडा सरळ करायचाय. व्यंकटराव, तुमचा जॅक द्या. बसवंत, हत्यारं काढ. पंचफुला, तू माझ्यासोबत."

"म्या?"

"इंजन तुझं हाय. आत काय असतं ते बघायला नको?"

त्या दुपारपासून अंधार पडेपर्यंत इंजिनघरात जो गलका होता तो मी कधी विसरणार नाही. रेल्वेच्या रुळाचा तुकडा खाली, दोन साखळ्या, मध्ये दांडा, आणि टँकरचा जॅक केसाकेसानं दाबायचा. दाबायचं, काढायचं, माझ्या घरच्या खिडकीच्या काचेवर ठेवून फट बघायची, पुन्हा दाबायचं. "जहाजावर सुटा भाग मागवायला दुकान नसतं," चीफ म्हणत होते. "जे हाय त्यातनंच उठवायचं." बसवंत न सांगता निम्मं काम करत होता, मान खाली, पण हात सफाईदार. सुजलेल्या मनगटानं पंचफुला पिस्टनच्या कड्या पुसत होती आणि प्रत्येक भागाचं नाव विचारून दोनदा म्हणत होती. अंधारून आलं तेव्हा काच आणि दांड्यामधून कागदसुद्धा सरकेना.

सोमवारी सकाळी जीप आली, तेव्हा इंजिन चालू होतं. चीफही कारखान्यात खाडा करून थांबले होते. साहेबांनी कागदावर 'साधन चालू' असं लिहिलं. आप्पाकाकांनी त्यांच्यासमोर सगळं सांगितलं आणि सरपंचपदाचा राजीनामा दिला. साहेब बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले. निघताना त्यांनी ओढ्यातली विहीर वाकून बघितली, दोर सोडून पाणी मोजलं आणि तो आकडाही लिहून घेतला. नळ आले ते पुढल्या तिसऱ्या वर्षी, आमच्या पाळीनं.

पोलिसात द्यायचं की नाही हे गावानं पंचफुलावर सोडलं होतं. ती म्हणाली, "पोलीस नको. मला कागद पायजे."

"कसला कागद?"

"आप्पाच्या हातचा. इंजन कुणी बिघडवलं ते लिवलेला. खाली सही."

जीप गेल्यावर चावडीतच आप्पाकाकांनी लिहिलं. पाच ओळी; मध्ये दोनदा पेन थांबलं. सही करून त्यांनी कागद स्वतः उठून तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला, उलटसुलट केला आणि माझ्यापुढं धरला.

"वाचा, बाई."

मी वाचला. माझ्या काकांचं नाव, त्यांनी केलेलं काम, आणि शेवटी: 'पंचफुला हिचा यात काडीचाही दोष नाही.'

तिनं डोळे मिटले होते. चीफ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"आणखी एकदा," पंचफुला म्हणाली. "जरा जोरात. त्या मागच्या बायकांना ऐकू जाऊ द्या."